शेतात ड्रोनचं पाकीट पडलं तर कळवायचं की गप्प बसायचं? (पंजाब बॉर्डर)

भट्टीवाला_खानापूर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिणार आहे, पण दोन आठवडे डोक्यात हेच चाललंय आणि इथं मराठीत बोलायला जवळ कोण नाही.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, बाहेर असतो, तसा मी पण चुलत्याच्या मागं 16व्या वर्षी पंजाबात आलो, त्याला आता 22 वर्षं झाली. तरनतारन जिल्ह्यात एका छोट्या बाजारात भट्टी आहे, सोनारांचं सोनं गाळून द्यायचं, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढून द्यायची. बॉर्डर इथनं 10-12 किलोमीटर. दरवर्षी घुमानला नामदेव महाराजांच्या दर्शनाला जातो, तेवढंच गावाकडं गेल्यासारखं वाटतं.

माझ्या दुकानाचे मालक म्हणजे आमचे बाऊजी. 7 किल्ले जमीन, इकडं एकराला किल्ला म्हणतात. त्यातले 4 किल्ले तारेच्या पलीकडं. पलीकडं म्हणजे पाकिस्तानात नाही हो, जमीन आपलीच, पण कुंपण हद्दीच्या बरंच अलीकडं घातलंय त्यामुळं शेत तार आणि हद्दीच्या मधे अडकलं. तिथं जायचं तर कार्ड दाखवायचं, रजिस्टरला नाव लिहायचं, अंगाची झडती, ट्रॅक्टरची झडती, डब्यातली भाकरी सुद्धा उघडून दाखवायची. गेट साधारण 9-10 ला उघडतं आणि 4-5 ला परत यायचंच. रात्रीची लाईट आली तर पाणी पाजता येत नाही. ऊस, मका असलं उंच पीक घ्यायला परवानगी नाही कारण त्यात माणूस लपतो. म्हणजे गहू आणि भात, भात आणि गहू. बाऊजी 70 च्या पुढचे आहेत, 30 वर्षं हेच करतायत, मी कधी त्यांना तक्रार करताना ऐकलं नाही. पण 2025 मध्ये त्यांचं सगळंच एकदम आलं. एप्रिलमध्ये पहलगाम झालं तेव्हा तारेपलीकडचा गहू दोन दिवसात कापून घ्या असा निरोप आला, रात्रंदिवस कंबाईनच्या मागं पळून कसाबसा काढला. मग ऑगस्टच्या पुरात भात गेला आणि शेतात गाळ बसला.

आता मूळ गोष्ट. दोन आठवड्यांपूर्वी पहाटे दाट धुकं होतं. बाऊजींचा बिहारी गडी तारेच्या अलीकडच्या शेतात गव्हाला युरिया टाकायला गेला आणि पळत परत आला. गव्हात पिवळ्या टेपनं घट्ट गुंडाळलेलं पाकीट, वर तारेचा हूक आणि अंधारात चमकते ती छोटी कांडी बांधलेली. साधारण अर्ध्या किलोच्या साखरेच्या पुड्याएवढं. बाऊजी मला बोलवायला आले, मी त्यांच्याबरोबर जाऊन 20 फुटांवरनं बघितलं.

कुणालाही वाटेल की लगेच कळवायचं, त्यात काय विचार करायचा. पण बाऊजींच्या धाकट्या मुलावर मागच्या वर्षीची केस आहे. चिट्टा, म्हणजे हेरॉईन, घेतो तो. 4 ग्रॅम सापडला होता, महिनाभर आत होता, आता जामिनावर आहे. बाऊजींची मालकीण, आम्ही बीबीजी म्हणतो, ती रडत एकच म्हणत होती, आपल्याच शेतात पाकीट आणि आपल्याच घरात असला पोरगा, कोण विश्वास ठेवणार. शेजारच्या एकानं तीन वर्षांपूर्वी असंच कळवलं तर त्याला चार वेळा बोलवलं, मोबाईल तपासायला घेतला तो दोन महिन्यांनी दिला. तेव्हापासून तो माणूस काही दिसलं तरी मान खाली घालून निघून जातो.

बोलता बोलता 11 वाजले, धुकं उतरलं, परत जाऊन बघितलं तर पाकीट नव्हतं. कुणीतरी उचललं. आम्ही कळवलं नाही.

तेव्हापासून मला झोप नाही. ते पाकीट कुठंतरी फुटलं असणार आणि त्यातली पुडी घेणारा कोण पोरगा माझ्याच दुकानात येणार हे मला माहिती आहे. सकाळी भट्टी पेटवायच्या आत पोरं येतात. रुमालात एकच कानातलं असतं, दुसरं कुठाय विचारलं तर बोलत नाहीत. मागच्या महिन्यात एकानं वाळी आणली, तिच्या फाशात पांढरा केस अडकलेला होता. आईच्या कानातनं काढलेली. मी घेतली नाही, पण पुढच्या गल्लीत कुणीतरी घेतलीच असंल.

प्रश्न असे आहेत. परत असं झालं तर कसं कळवायचं म्हणजे बाऊजी अडकणार नाहीत? पोराच्या केसचं काय होऊ शकतं? आणि हा जो सगळा कायदा आहे, तार, गेट, झडत्या, सीमा सुरक्षा दलाची 50 किलोमीटरची हद्द, यात आमच्यासारख्या मधल्या लोकांचा काही विचार आहे का?

---

फौजी_कोरेगावकर

भाऊ, मी सीमा सुरक्षा दलातनं रिटायर झालो, 24 वर्षं नोकरी, त्यातली 6 फिरोजपूर साईडला. तुमचं वाचून गेटवरचे दिवस आठवले.

आधी आमची बाजू सांगतो. झडती कुणाला आवडत नाही, करणाऱ्याला पण नाही. पण ड्रोन यायच्या आधी माल कसा यायचा ते बघा. तारेतनं पीव्हीसी पाईप सरकवायचे आणि त्यातनं पुड्या ढकलायच्या, नाहीतर पलीकडच्या शेतात पुरून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधे, गवताच्या भाऱ्यात, एवढंच काय फावड्याच्या पोकळ दांड्यात घालून गेटमधनं आणायच्या. शंभरातले 99 शेतकरी देवमाणसं असतात, पण शंभरावा कोण ते कपाळावर लिहिलेलं नसतं म्हणून शंभर जणांना हात वर करायला लावावे लागतात. 2009 च्या आधी गेटवर महिला शिपाई नव्हत्या म्हणून बाया शेतात जाऊच शकत नव्हत्या, निंदणी खुरपणीला अख्ख्या घरातले पुरुषच. महिला बटालियनवर आल्या तेव्हा एक म्हातारी गेटमधनं आत जाऊन बांधावर बसली आणि मातीला हात लावून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली, तिच्या लग्नानंतर बांधलेलं कुंपण होतं ते आणि तिनं तिचं शेत 17-18 वर्षं लांबनंच बघितलेलं. हे मी विसरत नाही.

ती तार 1988 ते 93 च्या दरम्यान झाली, तेव्हा दहशतवादाचा काळ होता, घुसखोरी आणि हत्यारं थांबवायची होती. त्या कामाला ती उपयोगी पडली. पण 2019 ला तरनतारनमधेच पहिल्यांदा ड्रोननं हत्यारं टाकल्याचं उघड झालं आणि तिथनं सगळं बदललं. एकट्या 2024 मधे पंजाब बॉर्डरवर अडीचशेहून जास्त ड्रोन पकडले. बहुतेक छोटी चिनी मशिनं, अर्धा किलो माल उचलतात, एवढी उंच येतात की आवाज सुद्धा लागत नाही, धुक्यात तर विचारूच नका. ड्रोन तारेवरनं जातो आणि तार तपासायची ती शेतकऱ्यालाच, हे मला नोकरीत असताना पण खटकायचं, बोलायची सोय नव्हती.

आता कामाचं. आम्हाला जी पाकिटं सापडायची त्यातली कितीतरी गावकऱ्यांच्या खबरीवर सापडायची. पाकिटाला हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, एक तर बोटांचे ठसे आणि दुसरं म्हणजे कधी कधी त्यात हत्यार किंवा स्फोटक पण असतं. बाऊजींनी एकट्यानं फोन करू नये. सरपंच आणि गावातले दोन वजनदार लोक घेऊन जवळच्या पोस्टवर जावं, बऱ्याच गावात आता ग्रामरक्षण समित्या आहेत, त्यातल्या माणसाला बरोबर घ्यावं. पोस्टवर किती वाजता पोचलो हे रजिस्टरला लिहून घ्यायचा आग्रह धरायचा. कंपनी कमांडरला समोरासमोर सांगावं की घरात असा असा मुलगा आहे, केस आहे. लपवलेलं नंतर कळलं की संशय दुप्पट होतो, आधी सांगितलेलं सहसा अंगावर येत नाही.

---

अॅड_मुक्ता

मी संभाजीनगरला फौजदारी वकिली करते, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, केसेस बऱ्यापैकी चालवल्यात. फौजीकाकांनी व्यवहाराचं सांगितलं, मी कायद्याचं सांगते.

दादा, तुम्ही ज्या भीतीनं गप्प बसलात ती भीती खोटी नाही, आणि म्हणूनच तुम्हाला दोष देणार नाही. 1985 चा हा कायदा आपल्या नेहमीच्या फौजदारी कायद्यापेक्षा उलट्या अंगानं चालतो. इतर गुन्ह्यात सरकारनं सिद्ध करायचं की तुमच्या मनात गुन्हा होता. इथं माल तुमच्या ताब्यात सापडला की कलम 35 आणि 54 नुसार कोर्ट धरूनच चालतं की तुम्हाला माहिती होतं, माहिती नव्हतं हे तुम्ही पटवून द्यायचं. शेतात पडलेलं पाकीट म्हणजे आपोआप ताबा नाही, ‘जाणीवपूर्वक ताबा’ लागतो असं कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय, पण हे म्हणणं कोर्टापर्यंत पोचायला किती महिने आत काढावे लागतात हा प्रश्न असतो. कारण कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे व्यापारी प्रमाण, असेल तर कलम 37 लागतं. हेरॉईनची कमर्शियल क्वांटिटी 250 ग्रॅमच्या पुढे, म्हणजे तुमचं ते अर्ध्या किलोचं पाकीट थेट त्यात. तिथं जामीन देण्याआधी न्यायाधीशाला असं वाटावं लागतं की हा माणूस दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे. खटला सुरू व्हायच्या आधी हे कुठनं दाखवणार? चार्जशीटला पण 180 दिवस, आणि ते वर्षापर्यंत वाढवून मिळू शकतात.

म्हणून कळवताना पुरावा स्वतःचा स्वतः तयार करायचा. 112 वर कॉल केला की त्याची नोंद राहते, वेळेसकट. नार्कोटिक्सची राष्ट्रीय हेल्पलाईन 1933 आहे, तिथं पण कळवता येतं. दोन ठिकाणी केलेला कॉल हा बाऊजींचा सगळ्यात मोठा बचाव. लांबून फोटो काढून ठेवा, ज्यात पाकीट आणि आजूबाजूचं शेत दोन्ही दिसेल. आणि ते कॉल गड्यानं नाही, बाऊजींनी स्वतः करायचे. बिहारहून आलेला गडी असतो ना, चौकशीत सगळ्यात आधी तोच भरडला जातो, त्याच्याकडं ना वकील ना जामीनदार.

आता मुलाची केस. हेरॉईनमध्ये 5 ग्रॅमपर्यंत लहान प्रमाण. त्याच्याकडं 4 ग्रॅम होतं म्हणजे तो काठावर वाचलाय. काठावर अशासाठी म्हणते की 2020 च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट सगळं वजन धरतात. पुडीत निम्मी पावडर असली तरी मोजणार सगळी. आणखी दोन ग्रॅम असती तर शिक्षेची मर्यादा 1 वर्षावरून थेट 10 वर्षांवर गेली असती.

आणि हे नीट वाचा. कलम 64ए. सेवनाचा गुन्हा असेल किंवा लहान प्रमाणाचा, आणि आरोपी व्यसनी असून स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. कलम 39 वेगळं, त्यात दोषी ठरल्यावर सुद्धा कोर्ट शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. ही कलमं कायद्यात कितीतरी वर्षं आहेत आणि मी अजून असा एक आरोपी बघितलेला नाही ज्याला अटकेच्या वेळी कुणी हे सांगितलं. मला याचा मनापासून राग येतो. माझ्याकडं आलेल्या पोरांमध्ये निम्म्यांना उपचाराची गरज होती आणि त्यांना सहा-सहा महिने बराकीत ठेवलं, जिथं बाहेरच्यापेक्षा जास्त माल मिळतो असं ते स्वतः सांगतात.

त्याच्या वकिलाला सांगा, केंद्राचं सर्टिफिकेट घेऊन 64ए खाली अर्ज करा. आजच सांगा. पोलिसांपुढं त्यानं काही कबूल केलं असेल तर घाबरू नका, तो पुरावा होत नाही. नार्कोटिक्सच्या अधिकाऱ्यांपुढची कबुली पण आता चालत नाही, 2020 चा तोफान सिंग निकाल.

50 किलोमीटरबद्दल. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रानं पंजाब, बंगाल आणि आसाममध्ये सीमा सुरक्षा दलाची हद्द 15 वरून 50 किलोमीटर केली. त्यांना झडती, जप्ती, अटक करता येते, तपास करून खटला भरता येत नाही, आरोपी पोलिसांकडं द्यावा लागतो. पंजाब सरकार याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. ते वाद दोन सरकारांमधल्या अधिकाराचे आहेत, गावातल्या माणसासाठी अर्थ एवढाच की आता दारात येणारे दोन झाले.

शेवटचं, तुमचं स्वतःचं. एकच कानातलं घेऊन येणाऱ्या पोराकडून सोनं घेऊ नका हे तुम्ही करताच आहात, तरी लिहिते, चोरीचा माल घेणं हा नवीन भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 चा गुन्हा आहे आणि गलाईवाल्यांना त्यात सगळ्यात लवकर ओढतात. रजिस्टर नीट ठेवा, ओळखपत्राची कॉपी घेत जा.

---

राष्ट्र_प्रथम_पुणे

सगळं वाचलं. वाईट वाटतं पण मला कडक कायदाच बरोबर वाटतो. पाकिस्तान मुद्दाम आपली तरुण पिढी संपवतोय हे उघड आहे, अशा वेळी झडतीचा त्रास, पिकाची उंची असल्या गोष्टी सहन कराव्या लागतील. माझा सख्खा मामेभाऊ तिकडं पोस्टिंगला आहे, डिसेंबरच्या थंडीत रात्रभर उभा असतो. आणि दादा, तुम्ही पाकीट बघून कळवलं नाही हे चुकलंच, स्पष्ट बोलतो. पंजाब सरकारनं मार्च 2025 पासून जी मोहीम काढलीय, विकणाऱ्यांची घरं पाडतायत, ती आधीच व्हायला पाहिजे होती.

---

अॅड_मुक्ता

घरं पाडण्याबद्दल एकच वाक्य. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आरोप आहे म्हणून घर पाडता येत नाही, बांधकाम बेकायदा असेल तर 15 दिवसांची नोटीस देऊन पाडा. त्या घरात आरोपीची आई, बायको, पोरं पण राहतात, त्यांच्यावर तर आरोपही नसतो.

---

दर्या_हर्णै

आमी समुद्रावरचे, पण वाचताना वाटलं की आमचंच लिहिलंय.

2023 चा ऑगस्ट. बंदी उठून नुकत्या होड्या बाहेर काढलेल्या, पहिला हंगाम, आणि दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं लागायला लागली. कर्दे, लाडघर, केळशी, मुरूड, एका जागेवर नाय, रोज नवीन ठिकाणी. सगळं मिळून अडीचशे किलोच्या आसपास. कुणी टाकली, कुठनं वाहत आली, आमाला काय माहीत. पण किनाऱ्यावर सकाळी पहिला कोण जातो? जाळं बघायला आमीच जातो. आमच्या आळीतल्या एका पोराला पाकीट दिसलं, त्याला वाटलं बिस्किटाचं खोकं फुटून आलं, उचलून घरी आणलं, बायकोनं बघितलं आणि तिला चक्कर यायची बाकी राहिली. दोघं तसेच ओल्या कपड्यावर पाकीट घेऊन गेले आणि देऊन आले. त्यांना कुणी त्रास दिला नाय हे पण सांगतो, साहेब चांगला होता, चहा दिला. पण चांगला साहेब मिळणं हा नशिबाचा भाग झाला ना. दुसरा कोण असता तर?

93 ला शेखाडीला आरडीएक्स उतरलं तेव्हापासून आणि 26/11 ला कुबेर बोट घेऊन ते आले तेव्हापासून आमाला कार्ड, बोटीचा नंबर, बोटीचा रंग, खलाशांची यादी, सगळं आलं. देशासाठी पाहिजेच, आमी नाय म्हणत नाय. पण पालघर साईडचे आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटीवर जातात, समुद्रात तर तार पण नाय, रेघ कुठाय कुणाला कळत नाय, आणि कराचीच्या जेलमधे जातात. वर्षं काढतात तिकडं. 2024 ला एक जण तिथंच वारला. घरी बाई काय करत असंल.

राष्ट्रप्रथम भाऊ, तुमचं मन देशाकडं आहे ते समजतंय. पण सीमेवर राहणारा माणूस पण देशच आहे. त्याला चोरासारखं वागवलं तर तो खबर कुणाला देणार?

---

भट्टीवाला_खानापूर

सगळ्यांचे आभार. राष्ट्रप्रथम दादा, तुम्ही चुकलं म्हणालात ते मान्य आहे, मी तेच लिहिलं होतं की झोप नाही.

फक्त एक सांगतो, सहन करायचं तर माझे बाऊजी तीस वर्षं करतायत. तारेपलीकडच्या जमिनीचे एकरी वर्षाला 10 हजार ठरलेत, ते वेळेवर कधी मिळाले मला आठवत नाही. अटारीला 2012 ला नवीन चेकपोस्ट झालं तेव्हा बाऊजींच्या थोरल्या मुलाला हमालीचं काम लागलं, हजाराच्या वर हमाल होते तिथं. पलीकडनं ट्रक भरून सुका मेवा यायचा, सिमेंट, जिप्सम यायचं. 2019 ला आधी पुलवामानंतर 200 टक्के ड्यूटी लागली, मग जूनमधे मिठाच्या गोण्यांत 532 किलो हेरॉईन सापडलं, मग ऑगस्टमधे व्यापारच बंद. राहिलेला अफगाणिस्तानचा माल पण एप्रिल 2025 पासून थांबला. थोरला आता दुबईला आहे, कर्ज काढून गेला. हेरॉईन आणणारा मोठा माणूस कुठं आहे मला माहिती नाही, पण त्या गोण्या उचलणारे हजार संसार बसले. आणि घरी राहिला तो धाकटा, त्याच्या हाताला काम नाही आणि गल्लीत चिट्टा आहे.

मुक्ताताई, 64ए चं मी बाऊजींना पंजाबीत सांगितलं. त्यांनी मला तीन वेळा परत सांगायला लावलं. त्यांचा वकील म्हणे बघू. उद्या मी स्वतः बरोबर जाणार आहे. पण तो पोरगा केंद्रात जायला तयार नाही, त्याला वाटतं तिथं कोंडून ठेवतात आणि मारतात.

---

सिस्टर_सुनंदा

मी 11 वर्षं व्यसनमुक्तीच्या वॉर्डात नर्स होते, आधी पुण्यात आणि मग दिल्लीत, तिथं पंजाबची पोरं बरीच यायची. तो घाबरतोय ते उगाच नाही, मान्यता नसलेली खाजगी केंद्रं असतात तिथं खरंच साखळीनं बांधल्याचे प्रकार झालेत. म्हणून मुक्ताताई म्हणाल्या तसं सरकारमान्यच बघायचं, कायद्यासाठी पण आणि जिवासाठी पण.

त्याला सांगा की भरतीच व्हावं लागतं असं नाही. पंजाबात 2017 पासून सरकारी ओओएटी क्लिनिक आहेत, तिथं जिभेखाली ठेवायची गोळी देतात, ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन. गोळी विरघळेपर्यंत समोर बसायचं आणि घरी जायचं, राहायचं नाही. सुरुवातीला रोज, पुढे स्थिर झाला की घरी न्यायला पण देतात. गोळीनं तोंड कडू होतं पण अंग मोडणं, नाक गळणं, रात्रभर पाय झाडणं हे थांबतं, आणि ते थांबलं की माणूस घरात चोरी करत नाही. फार लोक म्हणतात की एक नशा सोडून दुसरी धरली, बीबीजी पण म्हणतील. त्यांना सांगा, शुगरची गोळी रोज घेतो तसं समजा. वर्ष लागो दोन वर्षं लागो, डॉक्टरांना न विचारता बंद करू द्यायची नाही, बंद केल्यावर जुन्याच हिशेबानं चिट्टा घेतला की शरीराला झेपत नाही आणि पोरं त्यातच जातात. मी अशी तीन पोरं बघितलीत, तिन्ही ‘आता बरा झालो’ म्हणून घरी गेलेली.

पहिल्या दिवशी जायच्या आधी काही तास चिट्टा घेतलेला नसावा, अंग दुखायला लागल्यावरच गोळी सुरू करतात, नाहीतर गोळीनंच त्रास होतो. डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगायला सांगा. 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाईन आहे, जवळचं केंद्र सांगतात.

आणि भाऊ, बरोबर आई नको, तुम्ही जा. पोरं आईसमोर खरं सांगत नाहीत.

---

फौजी_कोरेगावकर

सिस्टरनी लाख मोलाचं सांगितलं. भट्टीवाले भाऊ, माझ्या ओळखीचा एक जण तुमच्या साईडला अजून नोकरीत आहे, पर्सनल मेसेज करतो. पाकिटाचं झालं ते झालं असं मी म्हणणार नाही, बाऊजींना घेऊन जा आणि झालेली गोष्ट जाऊन सांगा, कुठल्या शेतात, किती वाजता. त्या जागेवर परत पडणार, ड्रोनवाले जागा बदलत नाहीत लवकर. त्यांना नजर ठेवता येईल आणि बाऊजींचं नाव आधीच चांगल्या बाजूला लागेल.

---

भट्टीवाला_खानापूर

नऊ दिवसांनी लिहितोय, माफ करा.

बाऊजी आणि मी सरपंचाला घेऊन पोस्टवर गेलो. फौजीकाकांनी सांगितल्यासारखं पोराचं पण आधीच सांगितलं. तासभर बसलो. तिथला साहेब बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला त्या दिवशीच यायला पाहिजे होतं. बाऊजींनी हात जोडले. रजिस्टरला वेळ लिहून घेतली, गड्याला बोलावलं नाही. मुक्ताताई, तुमचं वाचून मीच म्हणालो की पाकीट मी पण बघितलंय, माझं नाव लिहा.

वकिलानं अर्ज तयार केलाय, तारीख जानेवारीतली आहे, सर्टिफिकेट लागणार.

क्लिनिकला पहिल्या दिवशी पोरगा रांगेतनं दोनदा बाहेर गेला. मी पण बाहेर गेलो आणि काही न बोलता शेजारी उभा राहिलो. रांगेत 60-70 जण होते, त्यात पांढऱ्या दाढीचे पण होते, एक तर ट्रॅक्टर लावून आलेला. आमच्या पुढचा पोरगा मागं वळला तर तो वाळीवाला. त्यानं मला ओळखलं, मी पण ओळखलं. त्याची आई बाजूच्या बाकड्यावर बसलेली होती, ओढणी कानावरनं घट्ट घेतलेली.

आज आठवा दिवस. रोज सकाळी 8 ला मी भट्टी न पेटवता त्याला गाडीवर घेऊन जातो, 9 पर्यंत परत. सिस्टर, तोंड कडू झालं म्हणतो म्हणून बीबीजी रोज खिशात गुळाचा खडा देतात, तो गोळी पूर्ण विरघळल्यावरच द्यायचा ना? तेवढं सांगा.